सिडनीचा राग येतो, मग वानखेडेचं काय?

प्रश्न : ताई, २०२१ ला सिडनी टेस्टमध्ये सिराजला प्रेक्षकांनी वंशद्वेषी शिव्या दिल्या तेव्हा आमचं अख्खं घर पेटलं होतं. परवा विषय निघाला तर भाऊ म्हणतो, आपण वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या सायमंड्सला काय केलं ते आधी बघ. मी म्हटलं ती नुसती टवाळी, आपल्याकडे कुठे आलाय वर्णद्वेष? आणि हरभजन तर सुटलाच ना शेवटी. कोण बरोबर? – एक वाचक, ठाणे

उत्तर : भाऊ बरोबर आहे. ऑक्टोबर २००७, ऑस्ट्रेलियाविरुद्धची वनडे सिरीज. आधी बडोद्यात सायमंड्सकडे बघून माकडाचे आवाज काढले गेले, त्याचा बोभाटा झाला, पेपरात आलं, तरी आठवडाही उलटला नाही तोच वानखेडेवर परत तेच. स्टँडमधली माणसं माकडासारखे हावभाव करतायत असे फोटो जगभर छापून आले. सायमंड्स कॅरिबियन वंशाचा होता आणि त्या टीममधल्या गोऱ्या खेळाडूंना कुणी माकड म्हटलं नाही हो, एकट्या त्यालाच, मग ही टवाळी कशी?

हरभजनचं प्रकरण यात मिसळू नका. जानेवारी २००८, सिडनी टेस्ट, हरभजनने सायमंड्सला ‘माकड’ म्हटल्याचा आरोप झाला, मॅच रेफ्री प्रॉक्टरनी तीन टेस्टची बंदी घातली, आपल्याकडे पुतळे जाळले गेले, दौरा सोडून परत या म्हणून ओरड झाली. अपिलात न्यायमूर्ती हॅन्सन यांना वंशद्वेषाचा आरोप सिद्ध झालेला दिसला नाही, शिवीगाळ धरली आणि अर्धी मॅच फी कापली. सचिनने तिथे हरभजनच्या बाजूने साक्ष दिली होती. त्या मॅचचं अंपायरिंग भयानक होतं, राग मलाही आला होता आणि तो चुकीचा नव्हताच, पण त्या सगळ्या गदारोळात वानखेडेवर जे घडलं त्याबद्दल आपण एक शब्द बोललो नाही याचं मला आजही वाईट वाटतं. सायमंड्सने पुढे स्वतः सांगितलं की सिडनीच्या त्या प्रकरणापासूनच त्याची घसरण सुरू झाली, पिणं वाढलं. २०२२ मध्ये गाडीच्या अपघातात गेला बिचारा.

आणि आपल्याकडे वर्णद्वेष नाही म्हणता? अभिनव मुकुंद, आपलाच टेस्ट ओपनर, २०१७ ला त्याने जाहीर लिहिलं की रंगावरून लहानपणापासून टोमणे ऐकतोय. उन्हात तासन्‌तास प्रॅक्टिस करून रापलेला पोरगा तो, आणि त्याला नावं ठेवणारे आपलेच लोक! लग्नाच्या स्थळात ‘गोरी’ मागणाऱ्या घरात हे नवीन नाही.

सिराजचं मात्र मला फार कौतुक. वडील गेलेले असताना तिकडेच थांबून खेळत होता, शिव्या ऐकल्या तर उलट शिवी न देता सरळ कॅप्टन रहाणे आणि अंपायरकडे गेला, खेळ थांबला, पोलीस स्टँडमध्ये गेले. मैदान सोडायची मुभा असताना रहाणे म्हणाला, आम्ही खेळणार. तुम्हीही वानखेडेवर असाल आणि शेजारचा असलं काही सुरू करेल तर हसून सोडून देऊ नका, गेटवरच्या पोलिसाला जाऊन सांगा, मग समोर कुठलीही टीम असो.