दोन बाटल्यांचा हिशेब

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा आराखडा परवा मिळाला. चष्मा पुसून तीनदा पाहिला. पाणबुडीचं धड बरं जमलंय, खिडकीबद्दल नंतर बोलू. मधल्या पानावर मात्र तू बसायच्या जागेमागे हायड्रोजनचा एक लाल बाटला काढला आहेस आणि त्याच्यापासून एक बाण थेट फ्युएल सेलकडे, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन जुळवून वीज काढणाऱ्या यंत्राकडे, नेला आहेस. आजचं पत्र त्या एका बाणापुरतं आहे.

मी पाणबुडी बांधलेली नाही, हे आधीच सांगतो. माझी उमर गॅसचे बाटले, रेग्युलेटर आणि वेल्डिंग यांत गेली. निवृत्तीनंतर कॉलेजच्या पोरांबरोबर टेबलावर फ्युएल सेल चालवून पाहिले, तेवढीच माझी त्यातली मजल. पण बंद डब्यात गॅस काय करतो ते मी जवळून पाहिलंय, आणि पाणबुडी हा शेवटी माणूस आत बसलेला बंद डबाच.

तुझ्या चित्रात एकच बाटला आहे. दुसरा कुठे आहे? हायड्रोजनला जोडीदार म्हणून ऑक्सिजन लागतो. जमिनीवर तो हवेतून फुकट मिळतो, म्हणून आपण त्याचा हिशेब धरत नाही. तू निवडलेला सेल पंख्याने हवा ओढणारा आहे, म्हणजे तो तुझ्याच केबिनमधली हवा खाणार. आकडे मांडून बघ. १ किलोवॉट वीज काढायला सेलला तासाला साधारण ६० ग्रॅम हायड्रोजन लागतो आणि त्याच्या आठपट, म्हणजे ४८० ग्रॅम ऑक्सिजन. माणसाला दिवसभरात साधारण ८४० ग्रॅम पुरतो, तासाला ३५. म्हणजे तुझ्या शेजारी तेरा-चौदा माणसं येऊन बसली आणि श्वास घ्यायला लागली, असं समज. केबिनमध्ये २ घनमीटर हवा धरली, तर पाव तासात ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ वर येतो. त्या हवेत मेणबत्ती विझते. अर्ध्या तासात तो १२ वर येतो आणि तुझी शुद्ध हरपायला लागते.

यातला घातक भाग असा की तुला गुदमरल्यासारखं वाटणारच नाही. जीव कासावीस होतो तो कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे, आणि सेल तो तयार करत नाही. तुझ्या श्वासातून सुटलेला तर सोडा लाइमने, म्हणजे तो शोषणाऱ्या चुन्याच्या दाण्यांनी, शोषून घेतलेला असतो. तेव्हा छान हलकं वाटत वाटत माणूस झोपी जातो. म्हणून ऑक्सिजन मीटर घे, एक नको, दोन घे, आणि ते वेगवेगळ्या बॅटरीवर चालव.

आता ऑक्सिजनचा दुसरा बाटला घेतला असं धर. दोन्ही बाजारात मिळणारे ७ घनमीटरचे साधे पोलादी बाटले घे. हायड्रोजनच्या बाटल्यात जेमतेम ६०० ग्रॅम माल मावतो. एवढं अवजड लोखंड आणि आत अर्ध्या किलोच्या वर थोडासा माल, हे पाहून पहिल्यांदा मलाही हसू आलं होतं. त्या ६०० ग्रॅममधून सेलची निम्मी कार्यक्षमता धरून साधारण १० युनिट वीज निघते. त्यासाठी ऑक्सिजनचा बाटला निम्मा रिकामा होतो. दोन्ही बाटले मिळून शंभर किलोच्या वर जातात. त्यात सेल, रेग्युलेटर, थंड करायची नळी, व्होल्टेज सावरणारा कन्व्हर्टर मिळव. तेवढीच १० युनिट आजच्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीत साधारण १०० किलोत मिळतात. तिला नळी लागत नाही, आणि ती दोन तारांवर चालते.

शिवाय बॅटरी तुला सुटणारच नाही. मोटर सुरू होताना एकदम करंट ओढते आणि सेलला असा हिसका सोसत नाही, त्याचं व्होल्टेज बसतं. मध्ये उशी म्हणून बॅटरी ठेवावीच लागते. मग प्रश्न एवढाच उरतो की तुला किती तास पाण्याखाली राहायचंय. वेग दुप्पट केला की शक्ती आठपट लागते, तेव्हा घरगुती पाणबुडी २ नॉटने, म्हणजे तासाला दोन सागरी मैलांनी, रांगते तेच बरं. २ नॉटला १ किलोवॉट धरला तर १० युनिटमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरशील. त्याच्या आधी तुझी लघवी, पाठ आणि भूक तुला वर आणतील. खरंच सांगतो, या हिशेबात माणूस हाच सगळ्यात कमी क्षमतेचा भाग असतो.

जॉर्ज किट्रेज नावाचे अमेरिकन नौदलातले निवृत्त पाणबुडी अधिकारी होते. त्यांचे के-२५० आणि के-३५० हे आराखडे घरी पाणबुडी बांधणाऱ्यांमध्ये फार चालले. नावातला आकडा म्हणजे किती फूट खोल जायचं तो. दोन्ही बिचाऱ्या साध्या शिसे-आम्ल बॅटरीवर चालतात. त्या बॅटऱ्या वजनाने भयंकर, १० युनिटसाठी ३०० किलोच्या आसपास. पण पाणबुडीला वजन हा शत्रू नसतो. ती बुडावी म्हणून तळाला शिसं बांधावंच लागतं. मग तेच शिसं वीजही देत असेल तर काय वाईट? गाडीवाल्यांच्या डोक्याने पाणबुडी आखायची नाही ती यासाठी. तिथे किलोला किंमत आहे, इथे लिटरला, म्हणजे जागेला.

आणि याच कारणाने हायड्रोजनच्या बाजूनेही एक चांगला मुद्दा आहे, तो लपवणार नाही. लँथॅनम आणि निकेल यांच्या मिश्रधातूत हायड्रोजन मुरवून ठेवता येतो, स्पंजात पाणी मुरावं तसा. वजनाच्या दीड टक्काही मावत नाही, म्हणून गाडीवाले नाक मुरडतात. पण दाब अगदी कमी असतो. बाहेर काढताना धातू स्वतः गार पडतो आणि गॅस सोडायला कुरकुरतो, त्यामुळे फुटला तरी सगळा माल एकदम बाहेर येत नाही. सेलची वाया जाणारी उष्णता त्याला दिली की दोघांचंही भागतं. जर्मनीच्या २१२ए जातीच्या पाणबुड्या हायड्रोजन असाच धातूत मुरवून नेतात, आणि ऑक्सिजन द्रवरूपात. त्यांतली यू-३२ ही २०१३ साली १८ दिवस पाण्याखाली राहिली. जपानची उराशिमा नावाची बिनमाणसी पाणबुडी २००५ मध्ये हायड्राइडच्या, म्हणजे हायड्रोजन मुरवलेल्या धातूच्या, टाकीवर ३१७ किलोमीटर गेली. आणि लहान, माणूस बसणाऱ्या पाणबुडीचं उदाहरण हवं असेल, तर फ्लोरिडाच्या पेरी कंपनीने १९८९ मध्ये पीसी-१४०१ ही दोन माणसांची पाणबुडी बॅलार्ड कंपनीच्या फ्युएल सेलवर चालवून दाखवली. म्हणजे तुझी कल्पना वेडी नाही, जुनी आहे. जुनी असूनही घराघरांत पोचली नाही, याचं कारण शोधायला हवं.

मला सापडलेलं कारण बहुतेक लेखांत नसतं. ते म्हणजे उष्टं कुठे टाकायचं. टेबलावरच्या सेलला शेवटी एक बारीक झडप असते. दर काही मिनिटांनी ती क्षणभर उघडते, टिक असा आवाज येतो, आणि साचलेलं पाणी व निरुपयोगी वायू बाहेर फेकले जातात. त्याबरोबर थोडा हायड्रोजनही जातो. खिडकी उघडी असली की झालं. पाण्याखाली ती टिक कुठे करायची? ३० मीटरवर बाहेरचा दाब ४ बार, सेलमधला त्याहून कमी. झडप उघडली तर वायू बाहेर जाणार नाही, समुद्र आत येईल, आणि मीठ सेलच्या आतल्या पडद्याला लागलं की सेल गेला. केबिनमध्ये सोडायचा तर ते केबिनमध्ये हायड्रोजन सोडणंच झालं.

ऑक्सिजनच्या बाजूलाही हीच गंमत. औद्योगिक ऑक्सिजन ९९.५ टक्के शुद्ध असतो. उरलेला अर्धा टक्का मुख्यतः आर्गॉन, आणि त्याला कुणाशीच देणंघेणं नाही. तुझे ३.५ घनमीटर वापरून होईपर्यंत १७ लिटर आर्गॉन सेलमध्ये जमतो आणि ऑक्सिजनची वाट अडवून बसतो. व्होल्टेज हळूहळू उतरतं आणि आपण भलतीकडेच दोष शोधत राहतो. माझा एक अख्खा आठवडा यात गेला आहे. उपाय आहे: आतली हवा काढून घेतलेली वीसेक लिटरची टाकी सोबत न्यायची आणि उष्टं तिच्यात घ्यायचं. मात्र दोन्ही बाजूंचं एका टाकीत कधीच नाही, ते का हे तुला सांगायला नको. गॅस जितका शुद्ध घेशील तितकी टाकी लहान होईल.

तयार होणारं पाणी मात्र फेकू नकोस. ६०० ग्रॅम हायड्रोजनमागे ५ किलोच्या वर पाणी होतं. ते आत ठेवलंस तर पाणबुडीचं एकूण वजन बदलत नाही, फक्त एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतं. टाकी मध्यावर घे, नाहीतर संध्याकाळपर्यंत नाक वर धरून पोहशील.

आता गळती. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. तुझ्या २ घनमीटरच्या केबिनचे ४ टक्के म्हणजे ८० लिटर, वजनात ७ ग्रॅमच्या आत. बाटल्यात आहेत ६००. म्हणजे मालाचा नव्वदावा भाग सुटला की काम झालं, आणि पेटायला लागणारी ठिणगी इतकी क्षुद्र की टेरिकॉटचा शर्ट काढतानाची पुरते. त्याला वास नाही, आणि ज्योत उजेडात दिसतही नाही. स्वयंपाकाच्या गॅससारखा वास मिसळावा तर तो वास सेललाच विष.

बॅटरीही साधू नाही. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडतेच. अमेरिकेची कोचिनो पाणबुडी १९४९ मध्ये नॉर्वेच्या बाजूला बॅटरीच्या हायड्रोजनच्या स्फोटांनी बुडाली. म्हणूनच किट्रेजच्या के-३५० मध्ये बॅटऱ्या माणसाच्या डब्यात नसून खाली वेगळ्या नळकांड्यांत असतात. त्या माणसाने आयुष्य पाणबुडीत काढलं होतं. त्याने बॅटरीसुद्धा बाहेर ठेवली आणि तू बाटला पाठीशी घेऊन बसतोयस.

तेव्हा पहिली दुरुस्ती: हायड्रोजनची एकही नळी माणसाच्या डब्यातून जाता कामा नये. बाटला, सेल, झडपा, सगळं बाहेरच्या वेगळ्या नळकांड्यात, आणि त्यात नायट्रोजन भरलेला. आत येतील फक्त तारा. कार्बन फायबरचे हलके बाटले बघून भुलू नकोस. ते आतून बाहेर येणारा दाब सोसायला बनवलेले असतात. समुद्र बाहेरून दाबतो आणि रिकाम्या बाटल्याचं आतलं प्लॅस्टिकचं अस्तर चुरगळू शकतं. आणि श्वासासाठीचा राखीव ऑक्सिजन सेलच्या बाटल्यातून घ्यायचा मोह टाळ. माणसं नेणाऱ्या पाणबुड्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था तीन दिवसांचा राखीव प्राणवायू मागतात, तो वेगळाच लागतो.

एक जुनी गोष्ट. मी नवा असताना एका कारखान्यात ऑक्सिजनच्या रेग्युलेटरचा नट घट्ट बसत नव्हता, म्हणून हेल्पर पोराने त्याला प्रेमाने ग्रीस लावलं. बाटला उघडला तेव्हा फट्‌ झालं आणि पितळेचा तुकडा कापरासारखा जळाला. पोराच्या भुवया गेल्या, डोळे वाचले. ऑक्सिजनच्या वाटेवर तेलाचा हातसुद्धा नको. हायड्रोजनचे आटे उलटे असतात ते अशाच घाईतल्या माणसासाठी. अडॅप्टर बनवून ती सोय मोडू नकोस. बाटले भरणं, तपासणं, नेणं हे आपल्याकडे २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांत येतं आणि ते पाहणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय नागपूरलाच आहे. घरी बाटला बनवायचा विचार मनात आला असेल, तर तो इथेच सोड.

तू विचारलंस, आपल्याकडे कुणी हे करतंय का. करतंय, अंबरनाथला. डीआरडीओच्या तिथल्या नौदल साहित्य प्रयोगशाळेने आपल्या नौदलाच्या कलवरी जातीच्या पाणबुड्यांसाठी फ्युएल सेल बनवला आणि ८ मार्च २०२१ ला त्याच्या जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी पार पाडली. सेल फॉस्फोरिक आम्लाचा आहे, आणि हायड्रोजन बाटल्यात न नेता पाणबुडीवरच तयार करायचा अशी त्यांची योजना. त्यातला 'जमिनीवरच्या' हा शब्द नीट वाच. एवढी मोठी प्रयोगशाळा, सोबत मोठमोठ्या कंपन्या, आणि तरी आधी जमिनीवर.

तुझा क्रम मी असा लावतो. माणसाची पाणबुडी बॅटरीवर बांध. सेल वेगळा बांध, माणूस न बसणाऱ्या दोन-तीन मीटरच्या नळकांड्यात, आणि तो शेततळ्यात दोरी बांधून सोड. तिथे आर्गॉन साचेल, पाणी तुंबेल, तिरकं झाल्यावर व्होल्टेज बसेल, सगळं होईल आणि कुणी दगावणार नाही. तो शंभर तास चालला की मग दोघांचं लग्न लावायचं का ते बघू. पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील, तर मला विचारशील तर मी ते बिनमाणसी नळकांडंच बांधेन. त्यात शिकायला जास्त आहे.

पुढच्या पत्रात चित्र नको, आकडे पाठव. मोटर पिंपात बुडवून १२, २४ आणि ३६ व्होल्टवर किती ॲम्पिअर ओढते, स्प्रिंगच्या काट्यावर किती किलो जोर दाखवते, आणि खिडकीच्या ॲक्रिलिकची जाडी किती धरली आहेस. जाडीचा आकडा मला चित्रात फार बारीक वाटला.

तुझा
काका