रोजच्या घाटात ‘ऑटो’ पुरे का?

प्रश्न: आमच्याकडे ग्रँड विटारा ऑलग्रिप, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी फोर व्हील गाडी आहे, मॅन्युअल गिअरची. सावंतवाडीहून आंबोलीच्या शाळेत मी रोज ये-जा करते. गाडीतल्या गोल बटणावर ऑटो, स्पोर्ट, स्नो, लॉक असं आहे. यजमान म्हणतात, कायम ऑटोत ठेवलीस तर पेट्रोल जास्त जातं. दीर थार चालवतात, ते म्हणतात, सुक्या डांबरावर फोर व्हील लावायचीच नसते. मी नक्की काय करू?
– एक शिक्षिका, सावंतवाडी

उत्तर: ताई, बटण ऑटोवर ठेवा आणि एरवी त्याला हात लावू नका. तुमच्या गाडीत ‘फक्त पुढची चाकं’ अशी वेगळी खूणच नाही, कारण ऑटोत ती बहुतेक वेळ पुढच्याच चाकांवर चालते. पुढचं चाक घसरायला लागलं की कपलिंग, म्हणजे मागच्या चाकांना ताकद जोडणारा क्लच, आवळतं आणि ताकद मागे जाते.

पेट्रोलचं म्हणाल, तर २०२२ मध्ये ही गाडी आली तेव्हाचे प्रमाणित आकडे बघा : फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या मॅन्युअलला लिटरमागे २१.११ किलोमीटर, ऑलग्रिपला १९.३८. हा फरक मुख्यतः ताकद मागे नेणाऱ्या शाफ्टचा (फिरत्या दांड्याचा), ती मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शियलचा, त्यांच्या वजनाचा. बटण फिरवून तो वाचत नाही.

दिरांचं म्हणणं त्यांच्या थारपुरतं अगदी बरोबर आहे. थारमध्ये फोर-एच, म्हणजे फोर व्हील, लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. चिखलात ती थोडी घसरून हा फरक भरून काढतात. सुक्या डांबरावर घसरायला वाव नसतो, म्हणून सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी हिसके देते. तुमचं लॉक इतकं घट्ट नसतं, तरीही डांबरावर त्याचं काही काम नाही.

लॉक लागेल ते लाल मातीच्या चढावर, किंवा साइडपट्टीच्या चिखलात चाक रुतलं तर. मात्र चढ समोर दिसला की खालीच लावा. चाक गरगरा फिरून खड्डा करून बसल्यावर नव्हे. पहिल्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर एकसारखा ठेवून, मध्ये न थांबता वर या आणि डांबर लागलं की पुन्हा ऑटो. घाटात पाऊस कोसळत असेल, रस्त्यावर पानांचा राडा आणि वरून आलेली माती असेल, तेव्हा स्नो लावा. आपल्याकडे बर्फ नसला तरी निसरड्या रस्त्याला ते चालतं.

आता मला खरी काळजी आहे ती उताराची. फोर व्हीलमुळे गाडी ओल्या चढावर न घसरता निघते, आणि रस्ता किती निसरडा आहे हे चालवणाऱ्याला कळतच नाही. ब्रेक मात्र तुमच्या गाडीलाही चारच आणि शेजारच्या साध्या गाडीलाही चारच. थांबायला दोघींना तेवढंच अंतर लागतं. आंबोली उतरताना, विशेषतः धुक्यात, दुसऱ्या गिअरमध्ये या, पुढच्या एसटीपासून भरपूर मागे राहा. कच्च्या तीव्र उतारासाठी तुमच्या गाडीत हिल डिसेंट कंट्रोल आहे, ते स्वतः ब्रेक लावून गाडी हळू उतरवतं, ते वापरा. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर कुठलंच बटण कामाचं नाही. अलीकडेच थांबा, शाळेला उशीर झाला तरी चालेल.

आणि टायर बघा. कायद्याने नक्षीची खोली झिजून १.६ मिलिमीटरपर्यंत आली तरी चालते, पण आंबोलीच्या पावसात मी ३ च्या खाली जाऊ देणार नाही. बदलाल तेव्हा चारही एकदम, एकाच मापाचे. एकच नवा टायर घातला तर त्याचा घेर मोठा पडतो, चाकांचा वेग जुळत नाही आणि कपलिंग विनाकारण राबून तापतं. माझ्या गॅरेजात येणाऱ्या ऑलग्रिपवाल्यांना मी पैसे वाचवायला दोनच टायर बदलू देत नाही, ते रागावले तरी.

गाडी कधी बंद पडली, तर क्रेनवाल्याला फोनवरच सांगा की ही फोर व्हील आहे, सपाट ट्रकच पाठवा. दोन चाकं उचलून दोन रस्त्यावर फिरवत नेली, तर कपलिंगची वाट लागते.