रंगपंचमीनंतरचे दोन किलो

वाचकांचे प्रश्न : आहार आणि वजन

प्रश्न : वय 44. चार महिन्यांत 74 किलोंवरून 68.5 वर आले. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला पुण्याहून नणंद सहकुटुंब आली होती. चार दिवस सकाळी पोहे-जिलेबी आणि रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत खाणं. पाचव्या दिवशी काटा 70.6! तेव्हापासून चालायलाही गेले नाही. चार महिने पाण्यात गेले असं वाटतं. दोन दिवस नुसत्या ताकावर राहू का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताकावर राहू नका. आणि चार महिने पाण्यात गेलेले नाहीत. अंगात पाणी साठलं आहे.

हिशेब करून बघा. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. 2.1 किलो चरबी चढायला रोजच्या गरजेपेक्षा सुमारे 16,000 कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात, म्हणजे चार दिवस दररोज 4,000 वरकड. गरज 1,800 धरली तर दिवसाला 5,800 झाल्या. सराफ्यात रोज गेलं तरी एवढं खाऊन होत नाही.

मग काटा का चढला? जिलेबी, पोहे, साबुदाणा खिचडी यांतली साखर आणि स्टार्च स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठतो, आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतो. इतके दिवस कमी खाल्ल्यामुळे हा साठा उतरला होता. तो 300 ग्रॅमने भरला तरी पाण्यासकट सव्वा किलोच्या आसपास जातो. त्यावर मीठ. पोह्यांवरची शेव, जीरावण मसाल्यातलं काळं मीठ, कचोरी, नमकीन, सगळंच खारट, आणि मीठही पाणी अडवतं. उरलं ते पोटात अजून पुढे न सरकलेलं अन्न. खरी चरबी त्यात फार तर काहीशे ग्रॅम असेल. पाळी जवळ आली असेल तर तेवढ्यानेही काटा वर दिसतो.

रोजचं जेवण सुरू झालं की हे पाणी बहुधा आठवड्याभरात उतरतं. उपास केला तर तेही उतरेल, काटा खाली दिसेल आणि तुम्हाला वाटेल उपासाने काम झालं. तिसऱ्या दिवशी भूक अशी उसळते की हात पुन्हा डब्याकडे जातो. चुकलं, उपास, पुन्हा तुटून पडणं: वजन खरं वाढतं ते या चक्रात. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर असा उपास धोक्याचाही आहे.

सोमवारची वाट बघू नका. आता पुढचं जे जेवण येईल ते नेहमीचं करा: एक-दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, दोन वाट्या भाजी, काकडी, दही. कमी नको, जास्तही नको. उरलेली शेव आणि मिठाई आजच वाटून टाका, कारण समोर डबा असताना मन आवरणं सगळ्यांत अवघड. पोहे सोडायची गरज नाही. घरी उसळ-पोहे करा: कोरडे पोहे 40 ग्रॅम, वर मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ, शेव एक चमचा. उसळीतल्या प्रथिनांमुळे आणि चोथ्यामुळे दुपारपर्यंत पोट धरतं.

चालणं आज संध्याकाळीच, फक्त 15 मिनिटं. आज गेलात की उद्या पाय आपोआप निघतात. मोडलेली सवय जोडायला तेवढं पुरतं.

काटा सात दिवस कपाटात ठेवा. नंतर रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी मागच्या सरासरीशी ताडा. एकाच माणसाचं वजन दिवसागणिक किलोभर हलतं, म्हणून एकट्या आकड्यावर रडायचं नाही आणि हसायचंही नाही. पंधरा दिवसांनी कंबरही मोजा, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून. तीन आठवड्यांनीही सरासरी 69 च्या वर राहिली, तर ताटात काय वाढलंय ते बघू.

पाहुणे पुन्हा येतीलच, आणि यायलाच हवेत. सराफा ठरला की आठ वाजता घरी वरण-भाजी खाऊन निघा. भुट्ट्याचा कीस किंवा गराडू (तळलेला कंद), एकच पदार्थ, दोघांत एक. दुसऱ्या दिवशीचा नाश्ता नेहमीचाच.

मात्र पायांवर सूज, आडवं झाल्यावर धाप आणि काही दिवसांत दोन किलो, असं एकत्र दिसलं तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : व्हायरल तापाने माझं रोजचं पाऊण तासाचं चालणं 12 दिवस बंद पडलं. पुन्हा तिथूनच सुरू करू? — वय 58, इंदूर

उत्तर : नाही. ताप उतरून दोन दिवस झाले की 15 मिनिटांनी सुरुवात करा. तीन दिवस तेवढंच, मग रोज पाच मिनिटं वाढवा. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागला तर तो दिवस तिथेच थांबवा. छातीत धडधड किंवा दुखणं असेल तर आधी तपासून घ्या. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत घरी परता, आणि निघण्यापूर्वी एक ग्लास पाणी प्या.