वीज नव्हे, फिट

"डॉक्टर आईला शॉक द्यायचा म्हणतात. तिचं डोकं कायमचं बिघडलं तर?"

हा प्रश्न मला मुली, सुना, नवरे सगळेच विचारतात, तोही दार लावून घेतल्यावर. इथली मुलगी अशा अनेकांची मिळून झालेली आहे. आईला तीव्र नैराश्य, अन्नपाणी जवळपास बंद, गोळ्या बदलूनही फरक नाही.

तिसऱ्या भेटीत तिला विचारलं, "शॉक म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं?"

"हातपाय धरलेत. आई तडफडतेय."

"ते चित्र खोटं नाही. जुनं आहे."

नुसता धीर देण्यापेक्षा इतिहास सांगावा, हे माझं जुनं मत. १९३४ मध्ये बुडापेस्टला मेदुना या मानसोपचारतज्ज्ञांनी कापूर टोचून रुग्णांना फिट आणवली. फिट आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांना मारक, हा त्यांचा तर्क. तर्क टिकला नाही, पण काही रुग्ण सुधारले. पुढे कार्डियाझोल हे फिट आणणारं औषध आलं. त्यात टोचल्यापासून फिट येईपर्यंत रुग्ण शुद्धीवर असे आणि जीव जातोय असं वाटून हादरून जाई.

रोममध्ये चेर्लेत्ती हे डॉक्टर विजेने कुत्र्यांना फिट आणत. विजेचं एक टोक (इलेक्ट्रोड) तोंडात, दुसरा गुदद्वारात. प्रवाह हृदयातून गेला की कुत्रं मरे. मग त्यांनी कत्तलखान्यात पाहिलं, की डुकराच्या डोक्याला विजेचा चिमटा लावला की ते कोसळतं, पण गळा चिरला नाही तर उठून चालू लागतं. म्हणून एप्रिल १९३८ मध्ये, रेल्वे स्टेशनवर भटकताना सापडलेल्या माणसाला त्यांनी आणि त्यांचे सहकारी बिनी यांनी इलेक्ट्रोड दोन्ही कानशिलांवर लावले. ८० व्होल्टला फिट आलीच नाही, वाढवल्यावर आली.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे बरं करते ती फिट? वीज नुसती काडी पेटवायला?"

इतकं नेमकं मलाही सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून तिच्या प्रश्नांचा सूर बदलला.

तडफडीचं काय? पूर्वी स्नायू सैल करणारं औषध नसताना ते इतक्या जोरात आखडत की मणके मोडत. १९४० मध्ये क्युरारे आणि पन्नाशीच्या दशकात सक्सिनिलकोलीन ही स्नायू सैल करणारी औषधं आल्यावर ते टळलं. आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध यांशिवाय शॉक देणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच बंद आहे. फिट साधारण अर्धा-एक मिनिट. हालचाल कधीकधी पायाच्या बोटांपुरतीच. आठवड्याला दोन-तीन शॉक, एकूण बहुधा ६ ते १२.

विसर पडतो, हे लपवू नये. उपचाराच्या आसपासच्या आठवणी पुसट होतात, काही परत येतही नाहीत. बँकेचा पिन, चाव्यांची जागा आधीच लिहून ठेवा. सकाळी उपाशीपोटी न्या, कवळी काढा, नेलपॉलिश पुसा. नाहीतर बोटावरचं ऑक्सिजनचं यंत्र चुकू शकतं. केस धुतलेले हवेत. तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड नीट टेकत नाही, रोध वाढतो, कातडी भाजू शकते.

"आई रोज रात्री तेल थापते," ती म्हणाली.

"आदल्या रात्री बाटली लपवा."

ती पहिल्यांदा हसली. "ती शोधून काढेल."