साउंड कार्ड घेऊ नका, केबलचा रस्ता बदला

तुमची अडचण मला समजली ती अशी : जुळे सोलापुरातलं घर, ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर, एचडीएमआयची सोय असलेला जुना ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर वाजवणारा अँप्लिफायर) आणि ४के टीव्ही. हेडफोनच्या पिनेतून रिसीव्हरला वायर दिली तर घरघर येते. कार्डाचं एचडीएमआय (चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी केबल) टीव्हीला आणि टीव्हीतून ऑप्टिकल केबल रिसीव्हरला दिली तर दोनच स्पीकर वाजतात. म्हणून साउंड कार्ड घ्यायचा विचार आहे.

घेऊ नका. लागतं ते सगळं तुमच्या घरात आहे.

ग्राफिक्स कार्ड आवाज तयार करत नाही, नुसते आकडे पुढे पाठवतं. त्या आकड्यांचा आवाज करायचं काम रिसीव्हरचं. म्हणून संगीतासाठी महागडं ग्राफिक्स कार्ड घेण्यात काहीच अर्थ नाही, साध्यातल्या साध्या कार्डातूनही तेच आकडे जातात. हेडफोनच्या पिनेतून मात्र अगदी बारीक व्होल्टेज जातं आणि कॉम्प्युटरच्या आतला विजेचा सगळा कचरा त्याच्यावर स्वार होतो. मी दोन वर्षं हा त्रास काढला. रात्री हळू आवाजात काही ऐकताना माउस हलवला की स्पीकरमधून किर्रर्र. एचडीएमआय लावलं त्या दिवशी ते थांबलं. एचडीएमआयवरही बारीक गुणगुण राहिलीच, तर केबल टीव्हीची वायर काढून बघा; बऱ्याचदा तिच्या अर्थिंगचा घोळ असतो.

आता दोन स्पीकरचं. केबल जोडली की समोरचं यंत्र कार्डाला एक चिठ्ठी देतं, मला काय काय झेपतं त्याची. तिला ईडीआयडी म्हणतात. टीव्ही लिहितो ‘दोन चॅनल’, म्हणजे दोनच स्पीकरपुरता आवाज, आणि कार्ड त्याच्यावर विश्वास ठेवतं. एचडीएमआयमध्ये २००२ च्या पहिल्या आवृत्तीपासून आठ चॅनलची सोय आहे, पण चिठ्ठीच तोकडी असेल तर कार्ड काय करणार? कार्डातून रिसीव्हर आणि रिसीव्हरमधून टीव्ही, असा क्रम लावा. मग विंडोजच्या साउंडमध्ये रिसीव्हरचं नाव दिसेल. तिथे ५.१ निवडा आणि एकेक स्पीकर वाजवून बघा. मागचे डावे-उजवे उलटे लागलेले इथेच सापडतात.

पण रिसीव्हर जुना आहे, त्यातून ४के चित्र पुढे जाणार नाही. ४के हवंच असेल तर कार्डाचं एक एचडीएमआय थेट टीव्हीला द्या, दुसरं रिसीव्हरला. विंडोजला रिसीव्हर म्हणजे दुसरा पडदा वाटतो आणि माउस त्या न दिसणाऱ्या पडद्यात हरवतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये त्या पडद्याची चौकट ओढून फक्त कोपऱ्याला कोपरा लागेल अशी ठेवा, माउस सहसा तिकडे जाणार नाही.

कार्डाच्या दृष्टीने चित्र आणि आवाज एकाच केबलचे सोबती, हे लक्षात असू द्या. विंडोजने पडदा झोपवला की गाणंही बंद पडतं. म्हणून पॉवर सेटिंगमध्ये पडदा बंद होण्याची वेळ ‘नेव्हर’ करा आणि टीव्ही रिमोटने बंद करा.

दुसरा त्रास शास्त्रीय ऐकणाऱ्यांना जास्त जाणवतो. शांततेनंतर आवाज सुरू झाला की रिसीव्हरला तो पकडायला क्षणभर लागतो आणि तानपुऱ्याची पहिली छेड गिळली जाते. मला हे फार लागतं, सुरुवातच गेली तर बैठक कसली! कोडी (गाणी-सिनेमे लावायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर ऑडिओ सेटिंगमध्ये ‘कीप ऑडिओ डिव्हाइस अलाइव्ह’ ‘ऑलवेज’वर ठेवा.

राहिला पंखा. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी कार्डाचा पंखा असा ओरडतो की मंद्र सप्तक ऐकूच येत नाही. त्यात धूळ आणि कापसाचे तंतू. दर दोन महिन्यांनी ब्रशने साफ करा, कॅबिनेट स्पीकरपासून लांब ठेवा. फक्त गाणी आणि सिनेमा असेल तर बिनपंख्याचं साधं कार्ड पुरतं. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर मदरबोर्डाचं एचडीएमआयही तेच काम करतं.

साउंड कार्डाचे वाचलेले पैसे खोलीवर घाला. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असतील तर एकदा टाळी वाजवून ऐका, घुमण्याचा अंदाज येईल. जमिनीवर जाड सतरंजी टाका. समोरच्या भिंतीवर आपली सोलापुरी चादर चार पदरी घडी करून, भिंतीपासून वीतभर पुढे टांगा. खालचे सूर तिने आवरत नाहीत, पण झांजेचा आणि ‘स’काराचा कर्कशपणा नक्की कमी होतो.