फ्यूज बदलण्याआधी

अ‍ॅम्प्लिफायरमधला साधा काचेचा फ्यूज काढून आवाज सुधारतो असे सांगून विकला जाणारा हजारो रुपयांचा ‘ऑडिओफाइल’ फ्यूज बसवावा का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थी आहे. फ्यूजमधून गेलेली 230 व्होल्टची वीज पुढे ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठ्या कपॅसिटरांतून जाऊन डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, होते, त्यामुळे फ्यूजमधल्या दोन सेंटिमीटरच्या तारेमुळे आवाजात फरक ऐकू येईल, असे मानण्यास मला तरी आधार दिसत नाही. (खांबापासून घरापर्यंत आलेल्या लांबलचक साध्या तारेबद्दल हे फ्यूज विकणारे काही बोलत नाहीत.)

फ्यूज उडालाच, तर त्याच्या धातूच्या टोपीवरील बारीक अक्षरे भिंगाखाली वाचा. ‘टी 2 ए’ म्हणजे सावकाश वितळणारा, दोन अँपिअरचा फ्यूज. टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर बराच जास्त प्रवाह खेचतो. म्हणून तेथे ‘एफ’ खुणेचा जलद फ्यूज घातल्यास तो विनाकारण उडत राहतो, आणि मग वैतागून लोक जास्त अँपिअरचा बसवतात, जे थेट आगीला निमंत्रण आहे. ‘एच’ खुणेच्या, म्हणजे खूप मोठा प्रवाहही सुरक्षितपणे तोडणाऱ्या, सिरॅमिक फ्यूजच्या जागीही काचेचा चालत नाही. होल्डरच्या पट्ट्या काळवंडल्या असल्यास प्लग काढून त्या कॉन्टॅक्ट क्लीनरने (विजेचे जोड साफ करणाऱ्या द्रावाने) पुसाव्यात. योग्य फ्यूजही पुन्हा उडाला, तर अ‍ॅम्प्लिफायर तंत्रज्ञाकडे न्यावा.

आवाजच सुधारायचा असेल, तर आधी स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून ऐका.