दिवाळीचं ग्रीटिंग, जावा आणि ॲनिमेशनचा कोर्स

प्रश्न : माझी मुलगी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या मायक्रो-प्रोजेक्टसाठी तिने दिवाळीचं हलतं ग्रीटिंग केलं. मार्क मिळाले, तरी ती अजून त्यातच असते. शेजारी म्हणतात, डिप्लोमा सोडवा आणि ॲनिमेशनच्या कोर्सला घाला. फी दोन लाख. काय करावं? प्रोग्रॅम सोबत पाठवत आहे. – एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : नमस्कार. प्रोग्रॅम पाठवलात हे फार बरं केलंत, कारण नुसतं ग्रीटिंग पाहिलं असतं तर मीही शेजाऱ्यांसारखाच फसलो असतो.

तिने प्रोसेसिंग वापरलंय. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये एमआयटीत सुरू केलेलं हे मोफत साधन जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर चालतं. त्यात चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने काढलं जातं आणि तेवढ्यात जे किंचित सरकतं ते आपल्याला हलताना दिसतं. आता पणत्या बघा. ज्योत थरथरावी म्हणून तिने आधी रँडम आकडे वापरले होते. ती ओळ कॉमेंट करून (म्हणजे न पुसता बंद करून) ठेवली आहे, बाजूला शेरा : ‘बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखं दिसतं’. मग तिने नॉइज हे फंक्शन घेतलं. त्यात आकडे उड्या मारत नाहीत, हळूहळू बदलतात. पण तेव्हा साऱ्या पणत्या एका तालात हलू लागल्या असणार, कारण पुढच्या ओळीत प्रत्येक पणतीला तिने सुरुवातीचा वेगळा आकडा दिलाय. ‘पणती’ हा क्लास, म्हणजे साचा, एकच, पण त्यातून घडलेल्या प्रत्येक ऑब्जेक्टची, म्हणजे पणतीची, माहिती ज्याची त्याची. पुस्तकातली ही व्याख्या पुष्कळ मुलं पाठ करतात. तुमच्या लेकीला ती गरजेपोटी सापडली.

भुईनळ्याच्या ठिणग्यांचंही तसंच. प्रत्येकीला जागा, वेग आणि आयुष्य आहे. विझलेली ठिणगी यादीतून काढली जाते आणि ती यादी शेवटाकडून तपासली जाते. पुढून तपासताना एक काढली की नंतरची निसटते, हे तिला कळलंय. उलट आकाशकंदील अगदीच कामचलाऊ आहे, झिरमिळ्या जागच्या हलत नाहीत, आणि रंग? असो. तिचा जीव चित्रापेक्षा कोडमध्ये जास्त रमतोय, असं माझं मत झालं.

म्हणून डिप्लोमा मुळीच सोडवू नका.

खात्री करायची तर सुट्टीत दोन कामं द्या. एक, याच कोडमधून नाताळचं कार्ड कर. ठिणगी आणि हिमकण यांच्यातलं सामाईक ते सगळं एका ‘कण’ क्लासमध्ये काढून दोघांना त्यातून वारसा देता आला, तर इनहेरिटन्स (हाच तो वारसा) तिला आयुष्यात कुणी पुन्हा शिकवावं लागणार नाही. दुसरं, ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून चेंडू उसळवायचा, आणि तो रबरी वाटला पाहिजे, लोखंडी नाही. कुठल्या कामात ती जेवायचं विसरते ते घरातल्यांना आपसूक दिसेल.

पहिल्यात विसरली तर डिप्लोमाच्या मार्कांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जावं. गेम, सिम्युलेशन, वेबसाइटचा दर्शनी भाग, सगळीकडे हेच कौशल्य लागतं. मात्र त्रिकोणमिती आणि व्हेक्टर कच्चे ठेवून चालणार नाही. दुसऱ्यात विसरली, तरी घाई नाही. पदवीनंतर सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात एम.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीला, जाता येतं, तिथे ॲनिमेशनही आहे आणि इंटरॅक्शन डिझाइनही (माणूस यंत्र किंवा ॲप कसं वापरतो त्याची आखणी). इंटरॅक्शन डिझाइन तिला कदाचित जास्त मानवेल.

एवढ्यावरही दोन लाखांचा मोह सुटत नसेल, तर संस्थेत जाऊन गेल्या वर्षीच्या मुलांनी स्वतः केलेलं काम मागा, शिकवणारे कोण ते विचारा, आणि मध्येच सोडल्यास फी परत मिळण्याची अट लेखी घ्या. ‘बघू, करू’ म्हणाले तर चहा पिऊन परत या.